मूठभर ऊन आणि टिकलीचा पावटा

खरं सांगून टाकते. मी एकदा कुंडीत पावटा पेरला होता, आणि कोंब आला का ते बघायला रोज सकाळी तो उकरायचे. सात दिवस उकरला. आठव्या दिवशी बिचारा कुजून गेला. चाळिशी उलटलेली बाई मी, आणि ही अक्कल! तेव्हा पावट्याबद्दल मी कुणाला काही शिकवू नये. गोष्ट मात्र सांगते, हौसाची. ती तेव्हा आठच वर्षांची होती, पण तिला माझ्यापेक्षा पुष्कळ कळायचं.

डोंगराच्या पायथ्याशी, जंगलाला लागून एक इवलंसं घर होतं. त्यात हौसा आणि तिची आई राहायच्या. आई बांबूच्या टोपल्या विणायची. त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. दसरा झाला, दिवाळी झाली, तरी आभाळ आपलं राखाडी गोधडी पांघरून बसलेलं. विणलेल्या टोपल्यांना बुरशी यायची, आणि चुलीवर रोज पातळ पेज.

घरामागच्या परसात हौसाने पावटा लावला होता. साधासुधा नाही हं! आईच्या माहेरचा. मोत्यासारखा पांढरा दाणा, आणि टोकाला चिमुकली लाल टिकली. मडक्यात राखेत जपलेले पाचच दाणे उरले होते. त्यातले चार ओलीने कुजले, एक रुजला. वेल मांडवावर चढला, पण ऊनच नाही म्हटल्यावर फुलं टपटप गळायला लागली.

"आई, याला शेंगा नाही आल्या तर?"

"तर टिकलीचा पावटा संपला, बाळा. माझ्या माहेरीसुद्धा आता कुणाकडे नाही तो."

हौसा तशीच उठली. डोक्यावरची पोत्याची खोळ काढून तिने वेलावर घातली आणि स्वतः पावसात उभी राहिली.

शेजारच्या चंद्राकाकी कुंपणावरून ओरडल्या, "अगं ए शहाणे, वेलाला पडसं होत नसतं! तुला होईल!"

काकी घरात गेल्या, आणि इकडे कुणीतरी शिंकलं. हौसा नव्हे.

वेलावर शेवटचा एकच तुरा उरला होता. त्यातल्या जांभळ्या फुलात करंगळीच्या पेराएवढी परी बसली होती. झगा गुलाबी, केसांत दवाचे मणी, आणि पंख मात्र ओल्या कागदासारखे अंगाला चिकटलेले.

"तुझी खोळ फार छान आहे," परी नाक पुसत म्हणाली. "दहा दिवसांत पहिल्यांदा कोरडं वाटलं. माग काहीतरी. पण नियम आहेत हं. मागणं एकच. मुठीत मावेल एवढंच. मूठ एकदाच उघडायची, आणि ज्याच्यावर उघडशील त्याचंच ते होणार."

"मग मला मूठभर ऊन दे."

परीने डोळे मोठ्ठे केले. "ऊन? लोक मोती मागतात. एकाने जिलबी मागितली होती, ती अर्धीच मावली. ऊन कुणीच नाही मागितलं!"

तिने हौसाच्या मुठीवर हळूच फुंकर घातली. मूठ गरम झाली. बोटांच्या फटींतून सोनेरी, केशरी, लिंबाच्या सालीसारखे पिवळे कवडसे चमचमायला लागले. मुठीत जणू इवलीशी सकाळ बसली होती.

हौसा मूठ वेलाजवळ नेणार, तोच परी पुन्हा शिंकली. एकदा, दोनदा, तीनदा.

"तू घरी का नाही जात गं?"

"घर ढगांच्या वर आहे. ओल्या पंखांनी मला तुमचं कुंपणसुद्धा ओलांडता येत नाही."

"मग स्वतःसाठी ऊन घे की!"

"परीला स्वतःसाठी काही घेता येत नाही. तू नको काळजी करू. उघड मूठ. तुरा वाट बघतोय."

हौसाने तुऱ्याकडे बघितलं. मग त्या कुडकुडणाऱ्या परीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आईला काय सांगायचं, तेही सुचेना. तिने डोळे गच्च मिटले आणि परीवर मूठ उघडली.

"अगं वेडे!" परी एवढंच म्हणाली.

पंख फुलले. मोरपंखी, रुपेरी, डाळिंबी! परीने हौसाच्या नाकाच्या शेंड्याची पापी घेतली आणि सुर्रकन वर गेली. ती थेट ढगातून आरपार गेली, आणि गेली तिथे ढगाला भोक पडलं. त्यातून उन्हाचा झोत खाली आला, बरोब्बर परसात. त्या लखलखाटात परी कुठल्या कुठे दिसेनाशी झाली. भोक मात्र जुन्या धोतरासारखं टरकत गेलं. संध्याकाळपर्यंत अख्खं आभाळ निळंशार!

तुऱ्याला सात शेंगा लागल्या. मागून नवे तुरे आले, मांडव वाकला. घरात उसळ शिजली. पहिल्या सात शेंगा आईने बियाणासाठी वेलावरच वाळवल्या, आणि त्यातले मूठभर दाणे चंद्राकाकींनाही दिले. आता त्या गावात कुंपणाकुंपणावर टिकलीचा पावटा आहे.

हौसाही आता मोठी झाली आहे. परवा मी तिच्याकडे गेले होते. न राहवून म्हटलं, "हौसे, साक्षात परी भेटली होती तुला! मुठीत एखादा हिरा तरी मागायचास!"

शेंगा सोलता सोलता, मान वर न करता ती म्हणाली, "हिरा शिजत नाही, मावशी."