अप्पासाहेबांची मानाची शाल

सत्काराच्या शाली घरात मावेनात, तेव्हा दूध संघाचे अध्यक्ष अप्पासाहेब त्या कचेरीत आणू लागले. त्यातली सगळ्यात जाड शाल त्यांनी संगणकाच्या डब्यावर पांघरली. अकोल्याचा मे महिना तो! आतला प्रोसेसर तापायचा आणि ऐन कामाच्या वेळी संगणक बंद पडायचा.

"अप्पासाहेब, शालीमुळे आतल्या पंख्याला हवाच मिळत नाही," संगणक चालवणारी चारुलता ढोमणे म्हणाली.

"मानाची शाल आहे, ती निघणार नाही! तुला संगणक गार ठेवता येत नसेल, तर उद्यापासून घरी बस."

चारुलता परत कामाला लागली. पण दुपारी त्याच कचेरीत संचालकांची सभा भरली, तेव्हा ती हार-नारळ घेऊन उभी राहिली. "आज आपल्या अध्यक्षांचा सत्कार!"

सत्काराला अप्पासाहेब कधी नाही म्हणाले होते? तिने ढिगातली एक जाडजूड शाल त्यांच्या खांद्यांवरून गळ्यापर्यंत गच्च लपेटली आणि भाषण सुरू केलं. अप्पासाहेबांचं बालपण, त्यांचं कार्य, त्यांची पहिली म्हैस. संचालकही हौसेने एकेक करून बोलायला उठू लागले. सत्कारमूर्ती घामाने निथळली.

"अगं, पुरे! काढू दे ही शाल, जीव जातोय माझा!"

चारुलताने नम्रपणे हात जोडले. "मानाची शाल आहे अप्पासाहेब, ती निघणार नाही. तुम्हाला गार राहता येत नसेल, तर..."

अप्पासाहेब ऊठसूट ऐकवत, ते पुढचं वाक्य साऱ्या सभेला पाठ होतं.

अप्पासाहेब ताडकन उठले आणि स्वतःच्याही आधी त्यांनी संगणकाची शाल ओढून काढली.