एका फांदीची सावली

फार मागे, झाडं एकमेकांशी मोकळेपणानं भांडायची त्या काळी, एका कोरड्या माळावर नेपतीची दोन झुडपं होती. थोरलीच्या अंगावर औषधालाही पान नव्हतं. धाकटी मात्र कोवळ्या पानांनी भरलेली, आणि तिच्या बुडाशी चंडोल पक्षिणीनं घरटं केलेलं.

ऊन चढत गेलं तशी धाकटीला धाप लागली.

"पानं टाक गं पोरी," थोरली म्हणाली. "पानापानातून पाणी उडून चाललंय तुझं. मुळापासून वाळशील."

"आणि स्वयंपाक कुठं करू, आत्याबाई? पान म्हणजे माझी चूल."

"मग माझ्या काड्या हिरव्या कशाला आहेत? मी काड्यांतच रांधते. होते सवय."

धाकटीला पटलं. तिनं पानं सोडायला घेतली, तशी खालून चंडोल ओरडली, "अगं ताई, माझी दोन पिल्लं भाजतील की! पंख फुटेपर्यंत तरी कळ काढ."

धाकटी दिवसभर विचारात होती. मग तिनं सगळी पानं टाकली, घरट्यावरची एक फांदी तेवढी राखली.

"येडीच आहेस. ती फांदी तुझं सगळं पाणी पिईल."

"तिच्यात आहे तेवढंच पिईल, आत्याबाई. मुळातून घोटभरही देणार नाही मी."

पिल्लं उडाली त्या दिवशी ती फांदी पार वाळून गेली होती. बाकीच्या काड्या हिरव्यागार होत्या.

"गेली ना फांदी?" थोरलीनं टोमणा मारला.

"गेली खरी. पण तुम्ही जरा वर बघा ना."

थोरलीनं वर बघितलं. चंडोलची दोन्ही पिल्लं माळावर घिरट्या घालत होती.