उदक न सोडलेला प्रिंटर

एक वृद्ध गुरुजी आपल्या एकुलत्या एका शिष्यासह नदीकाठी राहत असत. शिष्याच्या आईची दृष्टी दिवसेंदिवस अधू होत चालली होती. डोळ्यांना दिसते आहे तोवर पोथी एकदा स्वतः वाचावी, एवढीच त्या माउलीची इच्छा. शिष्याने एका व्यापाऱ्याकडून प्रिंटर विकत आणला आणि टपोऱ्या अक्षरांत पोथी छापायला घेतली.

निम्मी पोथी झाली आणि शाई संपली. शिष्याने बाटलीतली साधी शाई भरली, तर प्रिंटरवर अक्षरे उमटली, ‘ही शाई आमच्या कंपनीची नाही.’ स्वारी जी अडून बसली, ती हलेचना. कंपनीची शाई यायला महिना लागणार होता. आईच्या डोळ्यांना तेवढी सवड नव्हती.

शिष्य रागाने प्रिंटर आपटायलाच निघाला. गुरुजींना हसू आले. ते म्हणाले, “त्या बिचाऱ्यावर काय चिडतोस? उचल त्याला, आणि माझी पळी-पंचपात्रीही घे.”

व्यापारी गुरुजींना फार मानत असे. दुकानात गुरुजींनी प्रिंटर त्याच्यापुढे ठेवला, त्याच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घातले आणि म्हणाले, “शेटजी, उदक सोडा. म्हणा, हा आता माझा नाही.”

“अहो गुरुजी, विकला की मागेच!”

“मग शाई कोणती घालायची, ते हा अजून तुमच्या कंपनीला का विचारतो?”

व्यापाऱ्याचा हात तसाच राहिला. “खरं सांगू? कंपनीनंच सोडला नाही, तर मी कुठून सोडू?”

गुरुजी शिष्याकडे वळले. “बाळा, देणाऱ्यानं हक्क सोडला की देणं पुरं होतं. आपल्याकडे हातावर पाणी घेतात ते त्यासाठीच. घरात राहून वस्तू दुसऱ्याचा हुकूम मानत असेल, तर ती आपली झालीच नाही. आणि शेटजींवर रागावू नकोस. माणूस भला आहे. आपण काय विकतो, हे त्यांना आज कळलं.”

व्यापारी ओशाळला. डाव्या हाताने त्याने फळीवरचे जाड निबाचे पेन आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढून शिष्यापुढे ठेवला, आणि त्यावरून तळहातावरचे पाणी सोडले. “हे मात्र तुझं. हवी ती शाई भर.” मग बाही सावरून तो स्वतःच लिहायला बसला. “तू सांगत जा रे, मी लिहितो.”

चौथ्या दिवशी आई पोथी वाचत होती. निम्म्यावर आल्यावर ती थांबली, पानावरून हळूच बोट फिरवत म्हणाली, “हे अक्षर कुणाचं रे?”

व्यापारी दारातच उभा होता. तो म्हणाला, “आई, तुमचंच.”