गुडघ्यांचा सारांश

खो-खो खेळणाऱ्या मुलींचे गुडघे तपासून डॉ. दिघावकरांनी परदेशी नियतकालिकात लेख छापला आणि गावोगाव शाली पांघरून घेतल्या. कप्तान रेवती तांडेलने तो वाचायला मागितला, तर म्हणतात कसे, "लेख सगळ्यांसाठी खुला नाही. सारांश मोफत आहे, तेवढा वाच!"

सारांशात होतं, गुडघे दुखतात. का दुखतात, ते कुलपात! त्या वर्षी आणखी दोघी जायबंदी झाल्या.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा मैदानावर हजर.

"रेवती, गुडघा दुखतो?"

"दुखतो."

"कुठे? कधीपासून?"

"सारांश दिला, सर. बाकीचं सगळ्यांसाठी खुलं नाही."

रांगेत तिच्यामागे उभ्या अकराजणींनीही सारांशच दिला.

दुसऱ्या दिवशी अख्खा लेख मैदानाच्या फळ्यावर लागला. पहिलीच शिफारस होती: खांबाजवळची कडक माती बदला.