कावळा शिवेना

फार फार जुनी गोष्ट. तेव्हाचे राजे खोटं बोलत. आता बोलत नाहीत, म्हणून तर जुनी सांगावी लागते!

अशाच एका राजाची लढाई चालू होती. नदीपलीकडची एक वाडी हात जोडून शरण आली. राजाने हुकूम दिला आणि शिपायांनी त्या सगळ्यांना कापून विहिरीत लोटलं. पुढे लढाई जिंकली. मग विहीर बुजवली, घरं नांगरली आणि वर तुळशी लावल्या. तुळशी हं! लबाडाला देव फार लागतो.

दवंडी फिरली, "नदीपलीकडे वाडी नव्हती. कधीच नव्हती."

त्या वाडीची एक लेक अलीकडच्या गावात नांदत होती. आता म्हातारी झालेली. भाऊ, भावजया, भाचरं, सगळी त्या विहिरीत. ती दरबारात जाऊन म्हणाली, "विहीर उकरू द्या. मला माझ्या माणसांचे पिंड मांडायचेत."

प्रधान गोड हसला. "आजीबाई, वाडीच नव्हती, तर भाऊ कुठले?"

"मग मी काय दुधीच्या वेलाला लागले होते?"

दरबार खुसखुसला. राजा हसला नाही. म्हातारीला बाहेर काढलं. ती पायरीवरच बसली.

लढाईत पडलेल्या शिपायांचा दहावा आला. नदीकाठी पिंड मांडले. म्हातारीही पायरीवरून उठून तिथे आली. रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मेलेल्याची इच्छा पुरी झाली, की कावळा पिंडाला शिवतो. लिंबावर कावळ्यांची ही गर्दी, पण एक खाली येईना.

राजा म्हणाला, "तुमची पोरं सांभाळीन." कावळे गप्प. "वतनं देईन." कावळ्यांनी पाठ फिरवली.

भटजींना भूक लागलेली. ते म्हणाले, "महाराज, दर्भाचा कावळा करून शिववू. सोय आहे तशी."

तेव्हा एका शिपायाची विधवा उठली. "माझा धनी गवताच्या कावळ्याने सुटायचा नाही." तिने लिंबाकडे हात जोडले. "का रे बाबा, काय राहिलंय त्याचं?"

थोरला कावळा म्हणाला, "तो म्हणतो, विहिरीतल्यांच्या आधी मी घास घेणार नाही. त्यांना लोटणारे हात माझेच होते."

  बाईने डोळे पुसले आणि ती म्हातारीकडे गेली. "मावशी, चला. विहीर दाखवा."

तिच्यामागे बाकीच्या विधवा कुदळी घेऊन निघाल्या.

"अडवा त्यांना!" प्रधान ओरडला. शिपाई जागचे हलले नाहीत. अडवणार कुणाला? वहिन्यांना?

बायकांनी दिवसभर माती उपसली. आधी बांगड्या निघाल्या, मग एक इवलासा वाळा. मागोमाग आलेला राजा पुटपुटला, "मला ठाऊक नव्हतं."

म्हातारी म्हणाली, "ठाऊक नव्हतं, तर बुजवलंस काय?"

राजाने मागे वळून प्रधानाला शोधलं. प्रधान तर दिसेनासाच झाला. तुमच्या ओळखीत असेल कुठे, बघा जरा.

म्हातारीने नदीकाठी परतून एकेकाचं नाव मोठ्याने घेत पिंड मांडले. कावळे उतरले. आधी तिच्या पिंडांना शिवले, मग शिपायांच्या. लोकांनी राजाचा मुकुट तिथेच उतरवला आणि त्याला पंचांपुढे नेऊन उभं केलं.

तात्पर्य: राज्यकर्त्याने झाकलेलं पाप त्याच्याच माणसांच्या मानेवर बसतं, म्हणून ते त्यांनीच उकरून काढावं.