गुंडीची भाकरी म्हशीखाली

एक होतं अंगण. अंगणात होती गुंडी. गुंडी म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं, सदऱ्याच्या गुंडीएवढं. म्हणून तर नाव गुंडी.

गुंडीला मिळाली भाकरी. इवलीशी, गोल गोल. गुंडीने तोंड लावलं, आणि भाकरी सुटली पळत. गडगड गडगड गडगड. थेट गोठ्यात. तेवढ्यात म्हैस खाली बसली.

धप्प!

भाकरी गेली म्हशीखाली.

गुंडीला रडू आलं. पण रडून भाकरी निघते का? नाही निघत. मग गुंडीच निघाली.

लुटूलुटू लुटूलुटू.

"म्हशीबाई, म्हशीबाई, उठा ना. भाकरी तुमच्याखाली, पोटात माझ्या कावकाव."

म्हैस म्हणाली, "माझ्या पाठीवर बगळा झोपलाय. तो उडाला तर मी उठेन. तोवर ही द्राक्षं खा."

द्राक्षं होती टपोरी. गुंडीच्या तोंडाला पाणी सुटलं. पण आईने तिला सांगून ठेवलं होतं. गुंडी म्हणाली,

"नको नको. माणसाला खाऊ, कुत्र्याला बाऊ."

आणि गेली बगळ्याकडे. लुटूलुटू लुटूलुटू.

"बगळेदादा, बगळेदादा, उडा ना. म्हैस काही उठेना. भाकरी तिच्याखाली, पोटात माझ्या कावकाव."

ऊन डोक्यावर आलं होतं. तरी बगळ्याने एकच डोळा उघडला. म्हणाला, "कोंबडा आरवल्याशिवाय सकाळ होत नाही. तो आरवला तर मी उडेन. तोवर ही कांदाभजी खा."

भजी त्याने पंखाखाली ठेवली होती. गरम राहावीत म्हणून.

"नको नको. माणसाला खाऊ, कुत्र्याला बाऊ."

गुंडी गेली कोंबड्याकडे. लुटूलुटू लुटूलुटू.

"कोंबडेकाका, कोंबडेकाका, आरवा ना. बगळा काही उडेना, म्हैस काही उठेना. भाकरी तिच्याखाली, पोटात माझ्या कावकाव."

कोंबड्याच्या गळ्यात लाल मफलर. तो हळूच म्हणाला, "माझा घसा बसलाय. हौसाक्काने गुळण्यांना गरम पाणी दिलं तर मी आरवेन. तोवर हे मनुके चघळ."

"नको नको. माणसाला खाऊ, कुत्र्याला बाऊ."

गुंडी गेली घरात, म्हशीच्या मालकिणीकडे. लुटूलुटू लुटूलुटू.

"हौसाक्का, हौसाक्का, पाणी तापवा ना. कोंबडा काही आरवेना, बगळा काही उडेना, म्हैस काही उठेना. भाकरी तिच्याखाली, पोटात माझ्या कावकाव."

हौसाक्काच्या कडेवर होतं तिचं बाळ, पिराजी. ती म्हणाली, "हा खाली उतरला तर मी पाणी तापवेन." खायला मात्र तिने काही दिलं नाही. हातच मोकळा नव्हता.

गुंडीने मान वर केली. खूप वर.

"पिराजीबाळा, पिराजीबाळा, उतर ना. पाणी काही तापेना, कोंबडा काही आरवेना, बगळा काही उडेना, म्हैस काही उठेना. भाकरी तिच्याखाली, पोटात माझ्या कावकाव."

पिराजीच्या हातात होतं चॉकलेट. गालावर चॉकलेट. कानावरसुद्धा चॉकलेट. त्याने हात खाली केला.

"तू खा. मग मी उतलतो."

आता काय करायचं? एक घास खाल्ला की भाकरी मिळाली. कोंबडा दारातून बघत होता. बगळ्याने दुसरा डोळाही उघडला. चॉकलेटचा वास गुंडीच्या नाकात शिरला. तिची जीभ बाहेर आली.

गुंडीने जीभ आत घेतली.

"नको नको. माणसाला खाऊ, कुत्र्याला बाऊ."

पिराजीने ओठ काढला. आता रडणार. गुंडी एवढी घाबरली, एवढी घाबरली, की स्वतःच्याच शेपटीमागे धावत सुटली. गरगर गरगर गरगर. शेपटी सापडली. गुंडी तिला चावली. मग तीच ओरडली, "कुंई!" आणि पडली बादलीत.

डुबुक!

पिराजी हसला. खुदुखुदु खुदुखुदु. हसता हसता कडेवरून घसरला.

पिराजी उतरला. हौसाक्काने आधी चॉकलेट घेतलं आणि फडताळात उंच ठेवून दिलं. गुंडीला बादलीतून काढलं. मग पाणी तापवलं.

पाणी तापलं, कोंबड्याने गुळण्या केल्या. गुळगुळ गुळगुळ.

कोंबडा आरवला. कुकूच कू.

बगळा म्हणाला, "झाली बाई सकाळ," आणि उडाला. फडफड फडफड.

बगळा उडाला, म्हैस उठली. हुश्श.

आणि खाली काय? भाकरी! पण केवढी? म्हैस बसून बसून इवलीशी भाकरी झाली होती सुपाएवढी. पातळ पातळ आणि गरम गरम.

गुंडी एका टोकाकडून बसली खायला. मचमच मचमच मचमच. खाता खाता पोचली दुसऱ्या टोकाला.

गुंडीचं पोट झालं टम्म, गोष्ट बसली आता गुम्म.