राजाचा हरवलेला नकार

एका राज्यात, जिथे पाखरं मोकळेपणी बोलत आणि माणसं मात्र जपून बोलत, वज्रकेतू नावाचा राजा होता. घराण्याची रीत अशी, की ज्याचा विडा खाल्ला त्याचा शब्द मोडायचा नाही. परदेशी व्यापाऱ्यांचा म्होरक्या मायाधर हा जादूगार. त्याने ही रीत हेरली, राजाला मंतरलेला विडा चारला आणि राजाच्या जिभेवरचा ‘नाही’ काढून आपल्या पेटीत कोंडला.

झालं! मायाधराने रान मागितलं. राजा म्हणाला, “हो.” व्यापाऱ्यांनी रानाची घडी घातली आणि गाठोड्यात बांधून नेली. डोंगर मागितला, तोही गेला. प्रधानांना रेशमी पागोटी पोचली होती, त्यामुळे दरबारात साऱ्या माना डोलत होत्या. राणी चित्रावती संतापाने धुमसत होती. कुंपणच शेत खाऊ लागलं, तर दाद मागायची कुणाकडे? आणि उद्या तर नदी जायची होती.

तेवढ्यात खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला.

“राणीसाहेब, त्या पेटीला किल्ली नाही. मायाधराला तीनदा मनापासून नकार द्या. कुलूप आपोआप गळेल.”

राणी तडक मायाधराच्या गलबतावर गेली.

“का येणं केलंत?”

“पेटी न्यायला.”

“त्यापेक्षा हा नवलखा हार घ्या.”

“नाही घेणार.”

“मग आमची गलबतं इकडे फिरकणार नाहीत. मिठाला महाग व्हाल.”

“अळणी खाऊ. नदी देणार नाही.”

मग तो गोड आवाजात म्हणाला, “राणीसाहेब, राजा हल्ली तुमच्याही शब्दाला ‘हो’च म्हणतो. ‘नाही’ सुटला, की तुमच्याही वाट्याला येईल. राहू दे की पेटीत.”

राणी थबकली. खरंच होतं ते. म्हणेल ती पैठणी, म्हणेल तेव्हा माहेर. असं सुख तिला लग्नापासून मिळालं नव्हतं. तिला मोह झाला, चांगलाच झाला. पण गलबताखाली नदी खळखळत होती.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

कुलूप गळून पडलं. ‘नाही’ पेटीतून उडाला आणि थेट राजाच्या जिभेवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी मायाधर दरबारात गरजला, “महाराज, माझा विडा खाल्लात. शब्द मोडाल?”

“तू माझं रान खाल्लंस, डोंगर खाल्लास. विडा केव्हाच फिटला. नदी मिळणार नाही!”

त्यासरशी गाठोडी सुटली. रान जागेवर पसरलं. डोंगर किंचित तिरका बसला, पण बसला. मायाधर गलबतासह दिसेनासा झाला आणि प्रधान पागोटी लपवू लागले.

संध्याकाळी राणी म्हणाली, “महिनाभर माहेरी जाऊन येऊ?”

“नाही,” राजा म्हणाला, “मला इथे एकट्याला करमत नाही.”

“कपाळ माझं!” राणी म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर हसली.

राजाचा ‘नाही’ जसा त्या राज्याला लाभला, तसा तुम्हाआम्हालाही लाभो.